नव्वद दिवसांची धूळ

आमच्या घरात कोण येतं-जातं हे माझ्यापेक्षा एका यंत्राला जास्त ठाऊक होतं, ही गोष्ट पचवायला मला फार वेळ लागला. खरं सांगायचं तर अजून पुरती पचलेली नाही.

मी मयुरी म्हेत्रे. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावते. कापड कापायला, बटणं लावायला, घड्या घालायला कधीच यंत्रं आली. कॉलर मात्र त्यांना अजून नीट जमत नाही, म्हणून माझी नोकरी टिकली. घरात आम्ही तिघी. मी, चौदा वर्षांची माझी मुलगी अन्वी आणि माझी सासू शैलाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. नवराही होता, योगेश. अन्वी पाच वर्षांची असताना तो एका बाईबरोबर पुण्याला संसार थाटायला निघून गेला. आत्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. "तुला जायचंय तर जा, मी हितंच राहणार," असं पोटच्या पोराला तोंडावर सांगून त्या माझ्याजवळ राहिल्या. गल्लीत लोक म्हणायचे, सासू कुणाची आणि राहते कुणाकडे. मी म्हणायचे, माझी आहे आणि माझ्याकडे राहते. त्या नऊ वर्षांत मी आत्यांवर जेवढा भरवसा टाकला, तेवढा सख्ख्या आईवरही टाकला नव्हता.

गृहवाटप मंडळाची 'पहिलं घर' योजना होती. आयुष्यात तीनदाच अर्ज करता यायचा. माझे दोन हुकले होते. तिसऱ्या खेपेला नंबर लागला तो होटगी रस्त्यावरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर आणि स्वतःचा संडास. या शेवटच्या गोष्टीचं सुख भाड्याच्या खोलीत राहिलेल्या बाईलाच कळेल. त्यातून आमचा घरमालक खोल्या पाडून तिथे गोदाम बांधणार होता. संक्रांतीपर्यंत जागा रिकामी करा, असं त्याने सगळ्या भाडेकरूंना सांगून टाकलं होतं. म्हणजे हे घर मिळालं तर मिळालं, नाहीतर आम्ही तिघी आणि आमची ट्रंक रस्त्यावर.

एकच गोष्ट राहिली होती, धूळ-चाचणी.

योजनेची अट अशी की, घरात राहणाऱ्या कुणीही पूर्वी सरकारी योजनेतून घर घेतलेलं नसावं. योगेशने पुण्यात त्या बाईबरोबर असंच एक घर घेतलं होतं. पण सात वर्षं वेगळा राहणारा नवरा घरातला धरत नाहीत, फक्त तो खरंच वेगळा राहतो हे सिद्ध व्हावं लागतं. पूर्वी त्याला प्रतिज्ञापत्र चालायचं. कचेरीबाहेर दहा मिनिटांत कुणीही कुणापासूनही विभक्त व्हायचा आणि संध्याकाळी दोघं एका ताटात जेवायचे. मंडळाला हे कळायला वीस वर्षं लागली, पण कळलं. मग त्यांनी हे यंत्र आणलं.

ते घेऊन आलेले निरीक्षक हिरेमठ तिशीतले, सौम्य बोलणारे होते. डब्याएवढं यंत्र, त्याला एक नळी. त्यांनी आधी आमच्या तिघींच्या गालांतून कापसाने लाळ घेतली. मग पिठाच्या डब्यामागची, पलंगाखालची, देव्हाऱ्याच्या फळीवरची आणि ओट्याच्या कोपऱ्यातली धूळ नळीने ओढून घेतली. अन्वीला प्रश्न विचारायची खोड आहे. तिने विचारलं, "यातनं काय कळतं?"

"माणूस सारखा झडत असतो," हिरेमठ म्हणाले. "कातडीचे बारीक बारीक कण, दर तासाला लाखोंनी. घरातल्या धुळीत ते असतातच. त्या प्रत्येक कणात त्या माणसाची डीएनएची लांब साखळी असते. कण अंगावरून पडला की साखळी तुटायला लागते. ओल, उष्णता, जंतू तिचे तुकडे पाडतात. आज पडलेल्या कणातले तुकडे लांब, महिन्यापूर्वीच्या कणातले आखूड, वर्षापूर्वीच्यात नुसता चुरा. तुकडे मोजले की कण कधी पडला ते कळतं. आम्ही फक्त नव्वद दिवसांच्या आतलं बघतो."

"आणि कुणाचा पडला ते?"

"तुमचे तिघींचे नमुने घेतले ना? तुमचे कण बाजूला काढायचे. उरला तो परका. आणि तो तुमच्यापैकी कुणाच्या रक्ताचा असेल तर तेही कळतं. आई, मूल, भाऊ, सगळं."

"म्हणजे पायधूळ झाडून गेलेला पाहुणासुद्धा लपत नाही म्हणा की," मी म्हणाले. हिरेमठ हसले. आत्या मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "सगळंच कळतं का ओ, साहेब?" मला वाटलं, कुणीतरी आपल्या पलंगाखाली डोकावतंय म्हणून म्हातारी संकोचली. मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा.

अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोनवर अहवाल आला. मी डबा उघडा ठेवूनच वाचला.

घोषित व्यक्ती तीन. अघोषित व्यक्ती एक. पुरुष. व्यक्ती क्रमांक दोनचा मुलगा. व्यक्ती क्रमांक तीनचा बाप. गेल्या नव्वद दिवसांत घरात वावर वीस ते चोवीस वेळा. मुख्य जागा, स्वयंपाकाच्या ओट्यालगतची भिंत.

नाव कुठेही नव्हतं. नावाची गरजच नव्हती. क्रमांक दोन म्हणजे आत्या, क्रमांक तीन म्हणजे अन्वी. मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा तेच होतं. त्या दुपारी मी सात सदऱ्यांना कॉलर उलट्या लावल्या. सुपरवायझर बाई काही बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की मी सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, माझ्यामागे दार लागतं आणि ते दार पुन्हा त्या माणसासाठी उघडतं. वीस ते चोवीस वेळा.

सुटल्यावर मंडळाच्या कचेरीत गेले. हिरेमठांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ताई, एक संधी असते. पहिल्या चाचणीपासून नव्वद दिवसांनी पुन्हा चाचणी होईल. त्यात हे गृहस्थ सापडले तर अर्ज बाद."

"जरासुद्धा सापडता कामा नयेत?"

"सापडता कामा नयेत, एवढंच मला सांगता येतं. बाकीचं सांगणं नियमात बसत नाही."

घरी आले तेव्हा आत्या सुपात शेंगा निवडत होत्या. अन्वी दारात बसून अभ्यास करत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. फोन समोर धरला आणि अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. आत्यांची बोटं शेंगांवर तशीच फिरत राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आखाडापासनं."

"कशाला येतो?"

"मंगळवारी आन् शुक्रवारी सरकारी दवाखान्यात येतंय. किडन्या गेल्यात त्येच्या. डायलिसिस करून बाहेर पडलं की पाय उचलत न्हाई. तास-दीड तास येतंय, भिंतीला टेकून बसतंय, भाकरी खातंय, जातंय. त्या बाईनं दवाखान्यापायी घर इकलं आन् मग तीबी गेली. कुण्या दोस्ताच्या ग्यारेजात झोपतंय."

"मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

आत्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. तू न्हाई म्हणल्यावर मला आणता आलं नसतं त्येला. तुझा शब्द मोडून न्हाई आणला मी. तू शब्द काढायच्या आत आणला."

असला सरळ कबुलीजबाब कुणी दिला की राग दुप्पट होतो. त्याच्या किडन्यांवर माझा विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पोटात गोळा आलाय, ऑपरेशन आहे, असं सांगून त्याने माझ्या कानातले विकले होते आणि त्या पैशांत मोटरसायकल आणली होती. मी तोंड सोडलं. काय काय बोलले त्यातलं बरंचसं विसरले, पण शेवटचं शब्दन् शब्द आठवतं.

"नव्वद दिवस. त्याचा एक कण या घरात दिसता कामा नये. तुमच्या अंगावरून, लुगड्यावरूनसुद्धा नाही. जमत नसेल तर तुम्ही त्याच्याकडे जा. मी माझ्या पोरीला घेऊन कुठंतरी पडेन."

अंगावरून येतं, लुगड्यावरून येतं, हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. रागात सुचलं आणि बोलून गेले.

दारातून अन्वीने विचारलं, "पप्पा आला होता? मग मला का नाही भेटला?"

"तुझी शाळा असायची बाळा त्या वक्ताला," आत्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "न्हाई यायचा आता. माझा शब्द हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही घर धुऊन काढलं. भिंतींना चुना दिला, ओट्यालगतची चटई फेकून दिली, गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या. आत्या माझ्या बरोबरीने राबत होत्या. ज्या भिंतीला तो टेकून बसायचा, ती त्यांनी स्वतः दोनदा घासली.  मंगळवारी आणि शुक्रवारी त्या डबा घेऊन दवाखान्यात जायला लागल्या. मी मनात म्हणाले, घराबाहेर काय हवं ते करा.

पुढे एका शुक्रवारी वीज गेली म्हणून कारखाना दुपारीच सुटला. घराला कुलूप होतं. शेजारच्या शबानाभाभींच्या मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. भाभी दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुझी आत्या न्हातेय. दवाखान्यातनं आली की आधी माझ्याकडे न्हाते, मगच तुमच्या घरात जाते. तिची इथली साडी वेगळी, तिथली वेगळी. मला हात लावू देत नाही, काठीनं उचलून तारेवर टाकते. मी म्हटलं, अम्मा, हे काय नवीन? तर म्हणे, मशीनचं सोवळं आहे."

मला आधी हसू आलं. मग आलं नाही. तरुणपणी आत्या एका कर्मठ घरी भांडी घासायला जायच्या. तिथल्या काकू सोवळ्यात असल्या की आत्यांनी पलीकडे उभं राहायचं. काकू त्यांच्या हातावर पाणी ओतायच्या ते वरून, धार तुटेल अशा बेताने. भाकरी द्यायच्या ती उंबऱ्यावर ठेवून. न शिवता कसं द्यायचं आणि न शिवता कसं घ्यायचं, हे आत्या तिथे अठरा वर्षं शिकल्या होत्या. डीएनएची साखळी वगैरे त्यांच्या डोक्यावरून गेली होती. पण शिवलं की बाटतं, बाटलं की घर जातं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. ते त्यांना मीच कळवलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या मागोमाग दवाखान्यात गेले. खोटेपणा उघडा पाडावा, असंच तेव्हा मनात होतं.

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली एक सिमेंटचं बाकडं आहे. त्याच्या एका टोकाला आत्या बसल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला एक म्हातारा माणूस. तो योगेश आहे हे कळायला मला वेळ लागला. बेचाळीस वर्षांचा माणूस. चेहरा काळवंडलेला, पाय सुजून टम्म झालेले, चपलेत मावत नव्हते. मी खांबाआड उभी राहिले. कुठलंही सोंग इतकं वठवता येत नाही.

आत्यांनी डबा बाकड्याच्या मधोमध ठेवला आणि हात मागे घेतला. मग त्याने तो ओढून घेतला. त्याने पाणी मागितलं तर आत्या उभ्या राहिल्या आणि त्याच्या ओंजळीत वरून धार धरली. दोन घास खाऊन त्याने आपला हात आत्यांच्या गुडघ्यावर ठेवायला पुढे केला. आत्या झटकन बाजूला सरकल्या.

"लांबनं, लांबनं."

तो हसला. "आई, मला काय लागण झालीय का?"

"न्हाई रे माझ्या राजा. तुझ्या पोरीच्या घराचं हाय. ते झालं की मग बस माझ्या मांडीवर डोकं ठिवून. किती बी येळ बस."

त्याने मान हलवली आणि हात परत आपल्या मांडीवर ठेवला.

मी त्यांच्यापासून पंधरा पावलांवर होते. पुढे जाऊन नुसतं "आत्या, हात लावा त्याला," एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला काही लागत नव्हतं. मी मनात दिवस मोजले. एक्केचाळीस उरले होते. मी मागच्या फाटकाने बाहेर पडले आणि घरी आले. आत्या आल्या, शेजारी न्हाल्या, मग घरात आल्या. मी त्यांना चहा करून दिला आणि मी तिथे होते हे सांगितलं नाही. सगळ्या आयुष्यात मी यापेक्षा वाईट काही केलं असेल तर मला ते आठवत नाही.

बारा दिवस राहिले असताना, सकाळी दहाच्या सुमाराला कारखान्यात फोन आला. मी अन्वीला शाळेतून घेऊन दवाखान्यात पोचले, तोवर तो गेला होता. आत्या आधीपासून तिथेच होत्या. नर्स बाई मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं, पण पळीनं, लांब उभ्या राहून. ते हात शोधत होते हो त्यांचा. मी म्हटलं, आजी, धरा की हात. तर नुसत्या रडत राहिल्या."

योगेशचे दोन चुलतभाऊ आले. थोरल्याने मला विचारलं, "वहिनी, घरी न्यायचं ना आधी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "घरी नको. हितनंच न्या."

"काकू, अहो पोटचा पोरगा तुमचा. उंबऱ्याला तरी टेकवूया."

"नको म्हणलं ना मी."

आईने पोराला दारात घ्यायला नकार दिला, आणि का दिला ते तिथे जमलेल्या वीस माणसांत फक्त मला ठाऊक होतं. 'न्या घरी' हे शब्द माझ्या जिभेवर होते. मग मला घरमालक आठवला, संक्रांत आठवली, चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या आठवल्या आणि माझ्या हातातला अन्वीचा घामेजलेला हात जाणवला. मी गप्प बसले. चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारी केवढी कठोर आहे, असंच त्यांना वाटलं असणार आणि ते आजही तसंच सांगत असणार.

आवाराच्या मागच्या बाजूला त्याला आंघोळ घातली. लोक फुलं वाहून पाया पडायला लागले. अन्वी पुढे झाली तर आत्या म्हणाल्या, "लांबनं पड पाया." अन्वीने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांनी बापाला बघत होती पोरगी. मी मानेने हो म्हटलं आणि तिने लांबूनच हात जोडले. आत्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते. शववाहिनी हलली तेव्हा त्यातला एक हात बाहेर आला, गाडीच्या दिशेने थोडा पुढे गेला आणि पुन्हा पदरात गेला. त्या दिवशी आम्ही तिघीही शबानाभाभींकडे न्हालो.

ठरल्या दिवशी हिरेमठ येऊन धूळ घेऊन गेले. नऊ दिवसांनी अहवाल आला. घोषित व्यक्ती तीन. अघोषित व्यक्ती आढळली नाही.

ताब्याच्या कागदांवर सह्या करायला मी कचेरीत गेले. हिरेमठांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि मग जरा घुटमळून म्हणाले, "ताई, तुमचे मिस्टर वारले असं ऐकलं. आम्हाला कळवलं का नाहीत? मृत्यूचा दाखला आणून दिला असता तर दुसरी चाचणी लागलीच नसती. गेलेल्या माणसाचा वावर आम्ही धरत नाही. त्याच दिवशी फाइल मोकळी झाली असती."

मी किल्ली तशीच टेबलावर राहू दिली.

"आणि साहेब," मी विचारलं, "तो जिवंत असताना त्याच्या आईने त्याला हात लावला असता, जवळ घेतलं असतं, आणि त्याची धूळ तिच्या लुगड्यावरून घरात आली असती तर?"

"काही झालं नसतं. अहो, तुम्ही बसमधून येता, बाजारातून येता, पन्नास जणांचे कण अंगावर घेऊन येता. ते कपड्यांबरोबर खुंटीपाशी नाहीतर दारापाशी पडतात. राहणाऱ्या माणसाचे कण पार मोरीपासून उशीपर्यंत पसरलेले असतात. यंत्र ते वेगळं ओळखतं आणि वजा करतं. खरं तर ते अधूनमधून येऊन जेवून गेले असते तरी पाहुणा म्हणूनच धरलं असतं. त्याला मर्यादा असते, ती आम्ही सांगत नाही इतकंच. सांगितली की लोक मोजून मोजून येतात."

त्यांचा मला राग आला नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं आणि यंत्रानेही काही चुकीचं सांगितलं नव्हतं. ते अंगावरूनचं, लुगड्यावरूनचं माझंच होतं. मी तीन ठिकाणी सह्या केल्या, किल्ली उचलली आणि बसस्टॉपवर जाऊन मोठ्याने रडले. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, घर मिळालं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी आम्ही राहायला आलो. अन्वीने खिडकीजवळची जागा अभ्यासासाठी पकडली. शबानाभाभी दूध-साखर घेऊन आल्या आणि सगळं घर हिंडून बघून गेल्या. आत्यांना लिफ्टची भीती वाटते, म्हणून त्या सहसा खाली उतरत नाहीत. दिवसभर स्वयंपाकघरात बसून असतात. नव्या घराला अजून नुसता रंगाचा आणि सिमेंटचा वास येतो.

इथल्या पहिल्या रविवारी अन्वी मैत्रिणीकडे गेली होती. मी भाजी चिरत होते. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मयुरी, एक इचारू का? खरं सांगशील?"

"विचारा की."

"शेवटी शेवटी त्यो हात मागत हुता गं माझा. म्या दिला न्हाई. मला रोज तेच दिसतंय." त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले होते आणि त्यांच्याकडेच बघून बोलत होत्या. "एकदाच जरी लावला असता, तर कळलं असतं का गं त्या मशीनला?"

कचेरीतून आल्यापासून मी या प्रश्नाची वाट बघत होते. खरं सांगितलं तर म्हातारीचं उरलेलं आयुष्य त्या एका हातापाशी थांबून राहणार. हात लावायला हरकत नव्हती, घरी आणायला हरकत नव्हती, हे सगळं फुकट होतं, हे ऐकून कुणी जगू शकेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगितलं तर हे सगळं कुणामुळे झालं हेही सांगावं लागलं असतं. मी तिच्यासाठी खोटं बोलले की माझ्यासाठी, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

"हो, आत्या," मी म्हणाले. "लगेच कळलं असतं. घर गेलं असतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मग बरं केलं म्या," त्या म्हणाल्या. मग भिंतीचा आधार घेऊन उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्याच हाताने माझ्या डोक्यावरून, गालावरून हळूहळू कुरवाळत राहिल्या. मी मान खाली घातली आणि त्यांना कुरवाळू दिलं.